पाण्याचं दार लागत नाही!

मी त्या चाकाला फक्त दोन फेरे जास्त दिले. दोनच. माणूस चहात अर्धा चमचा साखर जास्त घालतो, पत्रात एखादं विशेषण जास्त घालतो, त्यानं काही आभाळ कोसळत नाही. माझ्या दोन फेऱ्यांनी मात्र अख्खं गाव दुपारपर्यंत पांढरंफटक झालं, आणि मी तर आतूनबाहेरून.

आधी माझी ओळख सांगतो. मी गावच्या कचेरीत कारकून आहे. जन्म-मृत्यूच्या नोंदी करणं, दाखले देणं आणि फलकावर नोटिसा टाचणं ही माझी कामं. (टाचणी लावण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं साहेब एकदा चारचौघांत म्हणाले होते. ते कौतुक होतं की आणखी काही, हे मी अजून ठरवलेलं नाही.) शिवाय मी घरजावई आहे. म्हणजे घर सासूबाईंचं, चक्की बायकोची आणि छत्री माझी.

चक्की पाण्यावर चालते. घरामागून ओढा वाहतो. वरच्या अंगाला त्याचा एक पाट काढलेला आहे. पाटातलं पाणी एका जाड नळातून धाडधाड खाली येतं, तळघरातल्या टर्बाइनवर आदळतं, टर्बाइन शाफ्टला फिरवते, शाफ्ट पट्ट्याला ओढतो आणि पट्टा वर चक्कीच्या खोलीतल्या दोन दगडांपैकी वरच्या दगडाला गरगरा फिरवतो. पाणी किती सोडायचं ते ठरवणारं एक लोखंडी दार नळाच्या तोंडाशी आहे. त्या दाराचा लांबलचक स्क्रू चक्कीच्या खोलीपर्यंत आणलेला असून त्याला हातानं फिरवायचं चाक आहे. चाक उजवीकडे फिरवलं की दार उघडतं, डावीकडे फिरवलं की लागतं. गावात वीज आहे, नाही असं नाही, पण ती पाहुणीसारखी येते. टेकते न टेकते तोच निघते. त्यामुळे साऱ्या गावाचं दळण आमच्याकडे.

हे सगळं सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी उभं केलं. ते गेल्यापासून चक्की बायको चालवते. दर काही महिन्यांनी ती वरचा दगड उचलून बाजूला घेते, डोळ्यांवर चष्मा चढवते आणि छिन्नीनं दोन्ही दगडांना टाकी लावत बसते. दगडावर बारीक बारीक चऱ्या पाडल्याशिवाय पीठ नीट पडत नाही. त्या वेळी ती दगडाकडे ज्या नजरेनं बघते, त्या नजरेनं तिनं माझ्याकडे लग्नाच्या दिवशीही बघितलेलं नाही. माझी तक्रार नाही. दगड खरोखरच माझ्यापेक्षा उपयोगी आहेत.

तर त्या दिवशी सकाळी सहाला फोन आला. माझ्या मेहुणीला दवाखान्यात नेलं होतं. दिवस भरले होते, पण डॉक्टरांचं म्हणणं होतं की बाळ आडवं आहे, घरचं कुणीतरी लगेच या. बायकोनं पाच मिनिटांत पिशवी भरली. साडेसहाची बस होती. आणि चक्कीत बेकरीवाल्याची गव्हाची चार पोती पडलेली. ती त्या दिवशी दळली नाहीत तर दुसऱ्या दिवशी गावाला पाव नाही.

"मी रजा टाकतो," मी म्हणालो. "मी दळतो. त्यात काय आहे?"

बायको दारातच थांबली. बहिणीची काळजी आणि माझी काळजी या दोन काळज्या तिच्या चेहऱ्यावर शेजारी शेजारी उभ्या होत्या. मला वाटतं माझी थोडी पुढे होती.

"नीट ऐका," ती म्हणाली.

"ऐकतोय."

"ऐकताय, की नुसती मान हलवताय?"

"ऐकतोय गं."

"चाक लाल खुणेपर्यंत फिरवायचं. पुढे नाही. धान्याच्या पेटीत घंटा आहे. पेटी रिकामी व्हायला आली की ती वाजते. वाजली की दोन मिनिटांत एकतर नवं पोतं ओतायचं, नाहीतर चाक आठ फेरे उलटं फिरवून दार लावायचं. दगड रिकामे फिरू द्यायचे नाहीत. दगडावर दगड घासला की सगळी टाकी गेली. बाबांच्या हातचे दगड आहेत ते."

"तू निर्धास्त जा," मी म्हणालो.

त्यानंतरही तिनं आणखी काहीतरी सांगितलं. पण तेव्हा मी तिच्या पिशवीची अडकलेली चेन ओढत होतो, बसचा हॉर्न वाजत होता, आणि मी मान हलवली.

सकाळ छान सुरू झाली. चाक लाल खुणेपर्यंत आणलं. खालून टर्बाइन घुमू लागली, पट्टा सळसळला, दगड फिरला आणि नळीतून पांढरंशुभ्र पीठ पोत्यात पडू लागलं. मी पिठात हात घालून बघितला, बायको घालते तसा. तिला त्यातून बरंच काही कळतं. मला एवढंच कळलं की ते पीठ आहे.

सासूबाई नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसल्या. चाळीस वर्षं चक्कीशेजारी काढल्यामुळे त्यांना ऐकू फारसं येत नाही, पण पायाखालच्या फरशीच्या थरथरीवरून चक्की कशी चाललीय ते त्या सांगतात. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मला फार बरं वाटलं.

आणि माणसाला बरं वाटलं की तो विचार करू लागतो. पहिलं पोतं संपायला तास लागला. म्हणजे चार पोत्यांना चार तास. मग झाडलोट, मग आवराआवर. मी म्हटलं, पाणी जरा जास्त सोडलं तर? बायको बसमधून उतरेल तेव्हा चक्की बंद, फरशी झाडलेली, पोती भिंतीला ओळीनं लावलेली आणि मी हात मागे बांधून दारात उभा, असं एक चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. त्या चित्रात मी थोडा उंचही दिसत होतो.

मी लाल खूण ओलांडून एक फेरा दिला. आवाज जरा चढला, पीठ जोरात पडू लागलं. वा! मी दुसरा फेरा दिला.

टक्.

चाक एकदम हलकं झालं. इतकं हलकं की मला आधी आनंदच झाला. मग मी ते परत डावीकडे फिरवलं. फिरलं. उजवीकडे फिरवलं. तेही फिरलं. दहा फेरे डावीकडे, वीस उजवीकडे, एका बोटानं, पंख्यासारखं. इतकं आज्ञाधारक यंत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. फक्त आज्ञा दारापर्यंत पोचत नव्हती. (आमच्या कचेरीतही असंच चालतं, पण तिथे त्यानं काही फिरत नाही.) स्क्रूचे आटे संपले होते. चाक स्क्रूतून सुटलं होतं. दार वर जाऊन तिरकं अडकलं होतं आणि ओढा आपलं सगळं पाणी आमच्या टर्बाइनवर ओतत होता.

दगड आता फिरत नव्हता, भिरभिरत होता. फरशी थरथरत होती आणि खिडकीच्या काचा वाजत होत्या. सासूबाईंनी पाय जमिनीवर नीट टेकवले आणि म्हणाल्या, "आज जोरात आहे!"

मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "आई, दार लागत नाही!"

"काय?"

"दार! लागत नाहीये!"

"हां हां," म्हणत त्या उठल्या, चक्कीच्या खोलीचं दार त्यांनी खांद्यानं रेटून लावलं, वर कडी घातली आणि परत येऊन बसल्या. "दमटपणानं फुगलंय," त्या म्हणाल्या. "नेटानं ढकलायचं असतं, जावईबापू."

पुन्हा ओरडायचा मला धीर झाला नाही. एक तर आवाज फार होता. दुसरं म्हणजे, खरं सांगतो, मला लाज वाटली. सासऱ्यांनी उभी केलेली चक्की, सासूबाईंनी चाळीस वर्षं सांभाळलेली, बायको सहा वर्षं एकटी चालवत आलेली, आणि माझ्या हातात आल्यावर ती दीड तास टिकली होती.

मी मनात हिशेब मांडला. बायको चारच्या बसनं येणार. आता साडेआठ. तोवर चक्की थांबवता येत नसेल तर एकच उपाय होता: दगडांच्या मध्ये सतत काहीतरी असलं पाहिजे. म्हणजे साडेसात तास मला दळत राहायचं होतं. आणि आता एक पोतं वीस मिनिटांत संपत होतं.

साडेनऊला बेकरीवाला आला तेव्हा त्याचं चौथं पोतं पेटीत होतं. कडी काढायला मला वेळ लागला, कारण सासूबाईंनी ती नेटानं घातली होती.

"झालंसुद्धा?" तो थक्क झाला. "बाईंना दुपार होते!"

"पद्धत असते एकेकाची," मी म्हणालो.

"मग आता बंद करा, चहा घेऊ."

"नको!" मी इतक्या जोरात म्हणालो की तो मागे सरकला. "म्हणजे, आणखी काही आहे का दळायचं? गहू, मका, काहीही? आत्ता आहे का? लगेच?"

"मक्याची दोन पोती आहेत, पण पुढच्या आठवड्यात—"

"पुढचा आठवडा कुणी बघितलाय?"

माझा चेहरा बघून तो गेला आणि मका घेऊन आला. बिचारा भला माणूस. दारातून जाताना मात्र तो मागे वळून वळून माझ्याकडे बघत होता.

दोन पोती मका म्हणजे चाळीस मिनिटं. पेटी काठोकाठ भरली, धावत रस्ता ओलांडून कचेरीत गेलो, एक कागद ओढला आणि फलकावर लावण्यासाठी नोटीस लिहिली. घाई होती, त्यामुळे जी भाषा हाताला सवयीची तीच उतरली: "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, ज्यांचे दळण शिल्लक असेल त्यांनी ते आजच, विनाविलंब, चक्कीवर आणावे. यानंतर कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही. हुकमावरून." चार टाचण्या लावल्या आणि धावत परत आलो.

आता तुम्हीच सांगा, या नोटिशीत वाईट काय होतं? एक शब्द खोटा नव्हता. पण अर्ध्या तासात गावात बातमी फिरली की सरकार चक्की ताब्यात घेतंय. मग ती चक्की पाडून तिथे काहीतरी बांधणार अशी झाली. आणि ती माझ्याकडे परत आली तेव्हा आजच संध्याकाळी टर्बाइन ट्रकमध्ये घालून नेणार, इथवर पोचली होती.

सगळ्यात आधी आल्या निवृत्त मास्तरीणबाई. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली. त्या प्रश्न विचारतात तेव्हा माणूस आपोआप उभा राहतो.

"चक्की बंद होणार म्हणे?"

"नाही बाई! मुळीच बंद होणार नाही!" हे वाक्य मी इतक्या कळवळून म्हणालो की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

मास्तरीणबाईंनी माझे डोळे बघितले. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कळलं. तुम्ही कचेरीतले. तुम्हाला बोलता येत नसेल."

त्या बाहेर गेल्या आणि रांगेला म्हणाल्या, "खरं आहे. रडतायत ते."

रांग! हो, तोवर रांग लागली होती. पोती, डबे, बादल्या, उशांचे अभ्रे, जे मिळेल त्यात भरून लोक धान्य आणत होते. मला आधी हायसं वाटलं. दळायला मुबलक होतं. चार वाजेपर्यंतची सोय झाली होती. पण ही सगळी पोती कुणाची कुठली? मी प्रत्येकावर चिठ्ठी टाचली. कामाच्या बाबतीत मी चोख आहे. शंभर टाचण्यांचा डबा संपला.

साडेअकराला कुणीतरी डबा पुढे केला. मी न बघताच पेटीत ओतला, कारण घंटा वाजायला लागली होती, आणि ती वाजली की मला दुसरं काही सुचत नव्हतं. डब्यात वाळलेल्या मिरच्या होत्या.

त्यानंतर जे झालं त्याचं वर्णन शिंकांशिवाय करता येणार नाही. मी शिंकलो, सासूबाई शिंकल्या, खिडकीतून डोकावणारे बाराजण एकदम शिंकले. पिठाचा लोट उठला. चिठ्ठ्या उडाल्या. डोळे उघडून बघतो तर पोती सगळी सारखीच पांढरी, माणसं सगळी सारखीच पांढरी, आणि पोस्टमन एका माणसाला "आई, तू घरी जा" असं काकुळतीनं सांगत होता. तो माणूस सुतार होता.

मिरच्यांच्या मागून पोस्टमनचा सातू गेला. त्याला मी काही सांगितलं नाही. (पुढचे आठ दिवस गावात पत्रं फार वेगानं वाटली गेली.)

बारा वाजले. एक वाजला. मी जेवलो नाही, बसलो नाही. शिडीवर चढून पेटीत धान्य ओतायचं, खाली उतरायचं, पोतं बदलायचं, परत चढायचं. मधूनच खालून टर्बाइनचा सूर बदलायचा आणि मी शिडीवरच थबकायचो. पीठ इतकं गरम पडत होतं की हात लावला की चटका बसे. दगड तापलेत, हे मलासुद्धा कळलं. सासूबाई अधूनमधून माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. एकदा त्यांनी मला पाण्याचा तांब्या आणून दिला आणि पाठीवर हात फिरवला. तो हात मला आजही आठवतो, कारण त्या क्षणी मी त्यांच्या नवऱ्याचे दगड जाळत होतो.

आणि दोनला रांग संपली.

मी दारात येऊन बघितलं. लोक आपापल्या पिठाच्या पोत्यांवर बसले होते, चक्कीची शेवटची घरघर ऐकायला थांबले होते. एकाच्याही जवळ दाणा उरला नव्हता. मी ओरडलो, "आणखी कुणाचं काही?" सगळ्यांनी माना हलवल्या. पेटीत तळाशी थोडा मका होता. चारला दोन तास होते.

घंटा वाजू लागली.

तेवढ्यात मास्तरीणबाई परत आल्या. त्यांच्या हातात एक लहानशी कापडी पिशवी होती, वर गाठ मारलेली.

"हे घ्या," त्या म्हणाल्या. "मक्याचं बियाणं आहे. आमच्या ह्यांनी दर वर्षी एकेक कणीस निवडून जपलेलं. ते गेल्यापासून मी पेरते. पण आता चक्कीच राहणार नाही तर पिकवून दळायचं कुठं? दळून टाका."

मी पिशवी घेतली. घंटा वाजत होती. त्या पिशवीत एक मिनिट होतं, फार तर दोन. मी गाठीला हात घातला, गाठ सुटली, आत बघितलं. दाणे कसे एकसारखे, टपोरे, पिवळेजर्द. सुतार पुढे आला होता. बेकरीवाला होता. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी गाठ परत मारली.

"मला थांबवता येत नाहीये!" मी किंचाळलो.

घंटा तेवढी वाजत होती.

"दार अडकलंय! सकाळी साडेआठपासून! मी चाक जास्त फिरवलं! चक्कीला काही झालेलं नाही, सरकार वगैरे काही नाही, ती नोटीस मी लिहिलीय! बाई, हे बियाणं घरी न्या हो, पाया पडतो तुमच्या!"

मी पिशवी त्यांच्या हातात कोंबली. सुतार माझ्याकडे बघत राहिला.

"मग वरचा सांडवा का नाही उघडला?"

"कुठला सांडवा?"

सुतारानं वरच्या टेकडीकडे बोट केलं. "पाटाच्या तोंडाशी! एक फळी उचलली की सगळं पाणी परत ओढ्यात! अहो, तुम्ही इथं नऊ वर्षं राहताय!"

"मग तुम्ही का नाही सांगितलं?"

"मला काय माहीत तुम्हाला थांबायचंय! मला वाटलं, हौसेनं चाललंय!" असं म्हणत तो टेकडीकडे धावत सुटला. पण टेकडी चढायला पाच मिनिटं लागतात. पेटी रिकामी झाली. घंटा थांबली, आणि मग तो आवाज आला. दगडावर दगड. असा आवाज की दात आंबावेत. मी कानांवर हात ठेवले आणि खाली बसलो.

सासूबाईंनी तो आवाज ऐकला नाही, पण पायांना कळला असावा. त्या ताडकन उठल्या. "काय झालं?" त्या विचारू लागल्या. सगळे एकदम ओरडून सांगू लागले, त्यामुळे त्यांना काहीच कळेना. तेव्हा मास्तरीणबाई पुढे झाल्या आणि ओट्यावर जो पिठाचा थर साचला होता त्यावर त्यांनी बोटानं, फळ्यावर लिहावं तसं सुवाच्य अक्षरात लिहिलं: "थांबवा."

सासूबाईंनी वाचलं. "मग आधी नाही का सांगायचं?" त्या म्हणाल्या. भिंतीला एक लाकडी दांडा होता, त्यावर मी सकाळी माझा कोट अडकवला होता. त्यांनी तो कोट काढला, झटकला, नीट घडी करून माझ्या हातात दिला आणि दांडा एका हातानं बाजूला ढकलला.

पट्टा दगडाच्या चाकावरून शेजारच्या, नुसत्याच फिरणाऱ्या रिकाम्या चाकावर सरकला. दगड दोन-चार वेळा फिरला आणि थांबला.

"एवढंच?" मी म्हणालो.

मास्तरीणबाईंनी तेही पिठात लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, "एवढंच. मी सकाळपासून बघत होते, दांड्यावर कोट आहे. म्हटलं असू दे, जावईबापूंचा आहे, कशाला हलवा."

खाली टर्बाइन मोकळी झाल्यावर भयंकर किंचाळू लागली. अख्खं घर आता उडणार असं वाटलं. मी डोळे मिटून घेतले. मग टेकडीवर सुतारानं फळी उचलली असावी, कारण किंचाळी हळूहळू खाली उतरली, गुणगुण झाली आणि विझली. साऱ्या दिवसात पहिल्यांदा ओढ्याचा आवाज ऐकू आला.

यावर काळजी संपायला हवी होती. पण माझी खरी काळजी तर चारच्या बसनं येत होती.

बायको उतरली तेव्हा अर्धं गाव आमच्या अंगणात पोत्यांवर बसलेलं, एकमेकांची पोती हुंगून आपलं पीठ कोणतं ते ठरवत होतं. ती गर्दीतून वाट काढत आली. चेहरा थकलेला, पण हसरा.

"मुलगी झाली!" ती म्हणाली.

मी सकाळपासून एकच वाक्य घोकत होतो. तेच बाहेर पडलं. "दोन," मी म्हणालो.

"दोन नाही हो, एकच. ऑपरेशन करावं लागलं, पण दोघी बऱ्या आहेत. दोन काय?"

"फेरे. दोन फेरे जास्त दिले मी."

तिचं हसू तिथेच थांबलं. पिशवी माझ्या हातात देऊन ती सरळ आत गेली. साखळीला लावून तिनं वरचा दगड उचलला, उलटा केला आणि त्याच्याशी गुडघ्यांवर बसली. चऱ्यांवरून एकेक बोट फिरवू लागली. मी मागे उभा होतो. खोलीत बारा-पंधरा माणसं माना उंचावून बघत होती. डॉक्टरांनी तपासून निकाल सांगावा तशी मी वाट बघत होतो. तिचं बोट एका कडेला थांबलं. तिथेच तिनं ते दोनदा फिरवलं.

"किती वेळ रिकामे फिरले?"

"दोन मिनिटं. कदाचित तीन."

"कडेची टाकी गेली." मग आतल्या चऱ्या चाचपून, "मधलं वाचलंय. बाबांचं मधलं सगळं वाचलंय."

ती तशीच बसून राहिली. मला वाटलं, आता बोलेल. ती बोलली नाही. बायको बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते, कारण बोलण्याला शेवट असतो. शेवटी मास्तरीणबाईंनीच पुढे होऊन बियाण्याची हकिकत सांगितली. बायकोनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"घंटा वाजत असताना परत दिलंत?"

"हो."

"हं," ती म्हणाली. त्या "हं"मध्ये थोडी माया होती, असं माझं प्रामाणिक मत आहे. (मास्तरीणबाईंचं तसं नाही.) मग तिनं चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला आणि छिन्नी हातात दिली.

आठ दिवस कचेरी सुटल्यावर मी दगडाची कड ठोकत बसत होतो. माझ्या एका चरीमागे तिच्या दोन चऱ्या, माझी पुसून परत पाडण्यासाठी. सुतारानं स्क्रूला शेवटी एक जाड अडसर बसवला, म्हणजे चाक पुन्हा सुटू नये. गावानं एकमेकांची पिठं गुपचूप बदलून घेतली, निदान जेवढी ओळखू आली तेवढी.

महिन्याभरानं मेहुणीचं बाळ बघायला बायको पुन्हा निघाली. आदल्या संध्याकाळी तिनं सगळ्यांना बोलावलं आणि कामं वाटली. चक्कीवर सासूबाई. पाटाच्या तोंडाशी, सांडव्यापाशी, सुतार. पोत्यांच्या चिठ्ठ्या मास्तरीणबाई लिहिणार. बेकरीवाला पोती उचलणार. तिनं एकेकाला नीट समजावलं, आणि प्रत्येकजण ऐकत होता, मान हलवत नव्हता. मीही रांगेत शेवटी उभा होतो. शांतपणे. जबाबदार चेहरा करून.

सगळे गेले तरी माझं नाव आलं नाही.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही कचेरीत जा."

"उद्या रविवार आहे. कचेरीला कुलूप असतं."

बायकोनं क्षणभर विचार केला. खरंच विचार केला, मी तिच्या कपाळावरची आठी बघितली.

"मग बाहेर पायरीवर बसा," ती म्हणाली.

बसलो. पायरी तशी चांगली आहे. अकरापर्यंत ऊनसुद्धा येत नाही.